होऊन राहिलेलं कालेज

अमरावतीच्या मिशनशाळेच्या इतिहासात माझ्या नावावर एकच गोष्ट जमा आहे, आणि ती म्हणजे एक चुकलेलं क्रियापद. घरात चार माणसं जमली की मला तेवढंच सांगायला लावतात. मी कंटाळलो, ऐकणारे कंटाळत नाहीत.

मी तिथे मराठीचा पंतोजी. शाळा थोरल्या साहेबांनी काढली, दोन खोल्यांची, कवेलूंच्या छपराची. पायाचा दगड बसवताना ते बोलून गेले, की इथे एक दिवस कालेज होईल आणि कालेजाची पुढे युनिव्हर्सिटी. मग तापानं गेले. त्यांच्या जागी पाद्रीसाहेब आले आणि ते बोलणं त्यांच्या गळ्यात पडलं. मनुष्य सरळ, मेहनती, सदा थकलेला. मराठी कोकणाकडे पुस्तकावरून शिकलेले. माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचे आणि त्याबद्दल माझीच क्षमा मागायचे.

वेळ मात्र वाईट निघाली. समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. चार अक्षरं इंग्रजी वाचणारं पोर दिसलं की कापसाचे दलाल ते उचलत, गाठींवरचे शिक्के वाचायला. आम्ही 'बी'पर्यंत आणावं आणि त्यांनी 'सी'ला न्यावं. वरचा वर्ग असा दोनदा रिकामा झाला.

तरी दरसाल विलायतेतल्या कमिटीला शाळेची हकीकत जायची. मी मराठीत लिहायची, साहेबांनी इंग्रजीत उतरवायची. त्या साली वरच्या वर्गात चार मुलं टिकली होती, म्हणून हुरूप येऊन मी शेवटी लिहिलं : 'थोरल्या साहेबांच्या इच्छेप्रमाणे शाळेचे कालेज होऊन राहिले.'

आता, मुलांनी 'मले, तुले' म्हटलं की हातावर छडी देणारा मी. शुद्ध भाषेचा मला भारी अभिमान. पण लेखणीतून वऱ्हाड उतरलंच. आमच्याकडे 'होऊन राहिलं' म्हणजे होत आहे, चाललंय, देवाची कृपा असेल तर होईल. पुस्तकातल्या मराठीत त्याचा अर्थ झालं, आणि झालं ते टिकलंही. साहेबांनी पुस्तकातला अर्थ धरला. त्यांना वाटलं, पंतोजी चार मुलांच्या वर्गालाच प्रेमानं कालेज म्हणतो आहे, आणि त्यांनाही तसं म्हणावंसं वाटलं असावं. सही करून कागद गेला.

पुढे उत्तर आलं. कालेज झाल्याचं वाचून कमिटीला अतिशय आनंद झाला होता, आणि त्याला शोभेलसा एक प्रोफेसर, हातची नोकरी सोडून, कालेजाचा मुख्य म्हणून निघाला होता.

साहेबांनी मला बोलावून ते वाक्य वाचायला लावलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "पंतोजी, मी खोटं लिहिलं."

मी म्हटलं, चूक माझी.

"सही माझी आहे."

त्यांनी खुलाशाचं पत्र धाडलं, पण प्रोफेसरांचं जहाज आधीच सुटलं होतं. तेव्हा आगगाडी अमरावतीपर्यंत आली नव्हती, अकोल्याला उतरावं लागे. साहेबांनी मला बैलांची दमणी देऊन अकोल्याला पाठवलं आणि बजावलं, की पाहुण्यांनी गाडीत पाय ठेवण्याआधी सगळं सांगा. त्यांना परत फिरायचं असेल तर आगगाडी समोर असेल. तेवढा हक्क त्यांचा आहे.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी सांगान? तुमच्यानं तर न्हाव्याले नाही म्हनवत नाही."

वाटभर मी वाक्य जुळवत गेलो. बैल हाकणारा बार्शीटाकळीचा होता. त्यालाही ते पाठ झालं.

अकोल्याला प्रोफेसर उतरले. उंच, वाळके, नाकावर उन्हाची सालं, आणि मागून पुस्तकांच्या पेट्या. जहाजावर व्याकरण घोकून मराठी शिकले होते. हात जोडून एकेक शब्द ठेवत म्हणाले, "आपले कालेज कसे आहे?"

आणि मी म्हटलं, "होऊन राहिलं."

काय करू? आपण होऊनच जीभ वळली. त्यांचा चेहरा असा उजळला, की पुढचं जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं. पेट्या चढल्या. आगगाडी शिटी देऊन गेली. हाकणाऱ्यानं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि बैलांना शिवी दिली. ती बैलांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या पुढे कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला. ऊन मरणाचं. प्रोफेसरांच्या काळ्या कोटावर कापूस चिकटत होता. ते मला विचारत होते, कालेजात पुस्तकांची खोली उत्तरेला आहे की दक्षिणेला. हाकणारा न वळताच बोलला, "गुर्जी, सांगून टाका आता. काहून त्या मानसाले खेळवून राहिले?"

मी सांगितलं. एकदम सगळं, दोन खोल्या, कवेलू, चार मुलं, क्रियापद. साहेबांचा यात खोटेपणा नाही हे तीनदा सांगितलं. ते ऐकत राहिले. मग वही काढून माझ्याकडून ते क्रियापद दोनदा म्हणवून घेतलं आणि लिहून ठेवलं.

अमरावतीला पाद्रीसाहेब टोपी हातात घेऊन पडवीत उभे होते. त्यांना वाटत होतं, हा मनुष्य सगळं जाणून, अकोल्याहून आपल्या मर्जीनं आला. डोळे भरून आभार मानू लागले. प्रोफेसरांनी त्यांना थांबवलं.

"अकोल्याला कळले असते, तर मी परत गेलो असतो."

पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला रागावावं असं मला त्या एकाच वेळी वाटलं. प्रोफेसर मला दोष देत होते की नुसतं खरं सांगत होते, तेही मला कळलं नाही. व्याकरणावरून शिकलेल्याच्या आवाजावरून कळत नाही.

कालेज झालं नाही, हे सांगायला नकोच. प्रोफेसर चार वर्षं राहिले. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्या वर्गात आले होते. कापसाचे दिवस, पटावरची बहुतेक पोरं वेचणीला गेलेली. अकरा बसली होती. त्यांनी अर्धा वर्ग मागितला. मोठी जरा समजूतदार होती, ती मी ठेवली. नाक पुसायलाही न शिकलेली पाच पोरं त्यांच्या हवाली केली.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि ते त्या पाचांत जमिनीवर बसले.