जखमेतलं तिखट

ती दुपार आठवली की मी आजही खुर्चीत ताठ होऊन बसतो. घरातले हसतात. त्यांना वाटतं, साहेब पुन्हा ठाण्यात गेले.

निलंगा भागात मी ठाणे प्रभारी होतो. खबऱ्याचा फोन आला: बांधावर गवत कापणाऱ्या एका बाईच्या गळ्यावर तिच्या दिराने वार केले आणि वर जखमेत तिखट भरलं. नवरा हैदराबादला कामाला, दीर-भावजयीचा वाटणीवरून वाद, आणि तिला टेम्पोतून दवाखान्यात आणणाराही तोच, रक्ताने माखलेला. गावाला आणखी काय पाहिजे? लोकांनी त्याला दवाखान्याच्या दारातच बडवला आणि आमच्या शिपायाच्या हवाली केला.

मी आधी दवाखाना गाठला. बाहेरून पाहता गळ्यावर चार भोकंच होती, रक्तही थांबत आलेलं. पण मान फुगत चालली होती आणि श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येत होते. श्वासनलिका फाटलीय, डॉक्टर म्हणाले, हवा कातडीखाली शिरतेय, लातूरला नेऊन गळ्यात नळी बसवावी लागेल. बाई शुद्धीवर होती, ओठ हलवत होती, आवाज मात्र फुटत नव्हता. हत्याराचं विचारलं तर डॉक्टरच चक्रावलेले. "मला तर जनावराचे दात वाटतात. पण साहेब, जनावर चावून वर तिखट टाकत नाही."

रुग्णवाहिका सुटली, मी ठाण्यात आलो. बाहेर जमाव, आत दीर, त्याचा एक डोळा सुजून बंद झालेला. उलटसुलट विचारलं तरी त्याचं एकच म्हणणं. "म्या गेलो तवा ती पडलेली व्हती. तिखट कुणी टाकलं, ठाव न्हाई साहेब." खोटं बोलणारा दर वेळी गोष्टीत भर घालतो. हा गडी एक शब्दही वाढवत नव्हता.

तिखट, तिखट, असं घोकत मी फेऱ्या मारत होतो आणि एकदम पोटरीवरचा जुना वण आठवला. लहानपणी कुत्रं चावलं तेव्हा आत्याने मला दाबून धरून जखमेत मूठभर तिखट चोळलं होतं! आपल्याकडे चाकूच्या वाराला तिखट लावत नाहीत, कुत्र्याच्या चाव्याला लावतात. म्हणजे ज्याने तिखट भरलं, त्याने कुत्रं पाहिलंय. लातूरला फोन करून रेबीजच्या इंजेक्शनचं सांगितलं आणि जीप काढली.

बांधाला लागून एका बड्या माणसाचा मळा होता. मालक दारातच म्हणाला, आमच्याकडे कुत्रं नाहीच. मी वाद घातला नाही. ओसरीवर त्याची म्हातारी आई बसली होती, तिच्यापुढे जाऊन बसलो.

"मावशी, बाई लातूरला पोचली. तुम्ही वेळेवर तिखट लावलं, बरं झालं."

म्हातारीचा चेहरा खुलला. "लावावंच लागतंय की बाबा, न्हाईतर इख चढतंय. वाचंल न्हवं ती?"

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर ओसरीवरच उडी मारावीशी वाटली! चावलं होतं ते त्याचंच कुत्रं; तिखट लावणाऱ्या आईला त्याने दटावून घरात नेलं होतं, बाईला तशीच बांधावर टाकलं होतं आणि कुत्रं राज्याच्या सीमेपलीकडे सासुरवाडीला धाडलं होतं. ते आमच्या माणसांनी धडधाकट परत आणलं. मालकावर गुन्हा दाखल केला. तिखटाने विष उतरत नाही, जखम चिघळते, हे म्हातारीला नंतर समजावलं. पण दरडावलं की माणूस मिटतो आणि शाबासकी दिली की बोलतो, हे मी तिच्याकडून पक्कं शिकलो.

बाई वाचली. जबाबासाठी लातूरला गेलो तेव्हा दीर कॉटच्या पायथ्याशी उभा होता. भेटायला आलेले गावकरीही होते, त्यातले दोघे-तिघे मारणारे. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की तिला आता घोगरं बोलता येत होतं. मी कागद काढला, पण तिची नजर त्याच्याकडे.

"भावजी, डोळ्याला काय झालं?"

दिराने एकवार गावकऱ्यांकडे पाहिलं.

"पडलो व्हतो," तो म्हणाला.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो संशय माणसाला किती महागात पडतो, हे मात्र त्या उत्तराने मला शिकवलं.