बाल्कनीतले बूट

स्कीचे बूट घालून माणूस चालतो कसा, हे आधी बघायला हवं. टाच धाडकन आपटते, मग चवडा पडतो, गुडघे सरळ होतच नाहीत. पहिल्या दिवशी सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ह्या सगळ्यांचे गुडघे माझ्यासारखेच झालेत की!"

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीत एश्बॉर्नला राहायचो, मी आणि नवरा दोघंही तिथल्या ऑफिसांत सॉफ्टवेअरमध्ये. नाताळच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. आल्गॉयच्या डोंगरांतल्या एका गावात आम्ही फेरिएनवोनुंग घेतलं होतं, म्हणजे आपलं आपण रांधून खायचं असा सुट्टीपुरता फ्लॅट. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई. आख्खं जर्मनी त्याच आठवड्यात त्याच गावात आलंय की काय अशी गर्दी होती. बेकरीत रांग, बसला रांग, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टला तर विचारूच नका.

फ्लॅट केवढा, तर दार उघडलं की थेट स्वयंपाकाचा ओटा. मालकीणबाईंनी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवलेली. कचरा कसा वेगळा करायचा, खिडकी दिवसातून दोनदा किती मिनिटं उघडायची, चमचे किती आहेत, सगळं त्यात. मला असलं वाचायची भारी हौस. मी चहा पीत पीत फाइल वाचायला घेतली आणि गमतीगमतीचे नियम सासूबाईंना मराठीत सांगत सुटले. चमच्यांची गणती ऐकून त्यांनी खरोखरच ड्रॉवर उघडून चमचे मोजले. एक जास्त निघाला. "आधीच्यांचा राहिला असेल बिचाऱ्यांचा," म्हणाल्या.

बाई चौकस. गुडघे कुरकुरायचे, गरम पाण्याची रबरी पिशवी पुण्याहून बरोबर आणलेली, पण घरात बसून राहायला तयार नाहीत. रोज लेकाचं जुनं जाकीट चढवून, वर शाल घेऊन, लिफ्टच्या पायथ्याशी एका बाकावर बसायच्या. आम्ही स्कीचे बूट चढवले की आमचे साधे बूट एका थैलीत भरून त्यांच्या बाकाखाली ठेवायचो. ती थैली कुणाच्या पायात आली तर त्या आपल्या पायानं आत सरकवायच्या, हात लावायच्या नाहीत. पादत्राणांच्या बाबतीत त्या कडक.

त्या लिफ्टला दोरावर लटकणारे काचेचे डबे होते, आठ-आठ माणसांचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "एवढे वर जातात ते करतात काय?"

"खाली येतात."

"आणि मग?"

"मग परत वर."

"दिवसभर?"

"जा, आई, दिवसभर." माझ्या तोंडात आता 'हो'च्या आधी जर्मन 'जा' येतो.

त्यांनी थोडा विचार केला. "असेल बाई. भारीतला व्यायाम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला गाठलं. डबा फलाटावर येताना हळू होतो, पण दोर तर त्याच वेगानं पळत असतो, हे कसं? नवरा इंजिनिअर, पण इतकी वर्षं येतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं फोनवर शोधून सांगितलं, "आई, डबा फलाटावर येताना दोर सोडतो आणि निघताना परत पकडतो."

"सोडतो? आणि आत माणसं?" पुढचा अख्खा दिवस त्या डब्यांच्या पकडीकडे नजर लावून बसल्या.

आता माझं. माझा ह्या सुट्टीत जीव एकाच गोष्टीत अडकला होता. लेक पाच वर्षांची असल्यापासून स्की शिकत होती. आम्ही तिला सकाळी मुलांच्या वर्गात सोडायचो आणि पायथ्याशी हॉट चॉकलेट पीत बसायचो. आदल्या वर्षी एक आई आणि मुलगी वरून एकापाठोपाठ एक वळणं घेत आल्या, आमच्यासमोर थांबल्या, हसत हसत हेल्मेट काढली. माझी लेक त्यांच्याकडे बघत राहिली आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, "तू कधीच वर येत नाहीस." बोलली आणि गेलीही खेळायला. मला मात्र ते जे लागलं ते लागलंच. अजून दोन-तीन वर्षांनी ती मला बोलावणारसुद्धा नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. एकदा, निदान एकदा, मला तिच्याबरोबर तो डोंगर उतरायचा होता.

म्हणून त्या वर्षी मी मोठ्यांच्या शिकाऊ वर्गात नाव घातलं. एक निवृत्त जोडपं, दोन कॉलेजच्या मुली आणि मी. सोमवारी मी इतक्या वेळा पडले की शिक्षक मला उचलायला यायचे बंद झाले. स्कीची टोकं जवळ आणून मागून फाकवली की वेग कमी होतो, त्याला मुलं पिझ्झा म्हणतात. सरळ सोडली की पॉमेस, फ्रेंच फ्राइज. मी चार दिवस नुसती पिझ्झा करत होते. रात्री मांड्या अशा ठणकायच्या की सासूबाईंची पिशवी मीच पळवायचे. पण गुरुवारी शिक्षक म्हणाले, उद्या सकाळी सोप्या उतारावरून मुलीबरोबर उतरा. पहिल्या लिफ्टनं जा, साडेआठला, तेव्हा रिकामं असतं.

लेकीशी ठरलं. शुक्रवारी साडेनऊला तिच्या वर्गाची जमवाजमव, मग शर्यत, मग मेडल आणि मैत्रिणींबरोबर पार्टी. त्याआधीचा एक तास माझा. "गेनाऊ," ती म्हणाली, अगदी, आणि माझ्या हातावर टाळी दिली. मी त्या रात्री शाळेच्या सहलीला जायच्या आधी झोपायचे तशी झोपले.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला बूट घ्यायला गेले तर हीटरपाशी बूट नाहीत.

आता हे बूट खरं तर तळघरातल्या खोलीत ठेवायचे. पण तिथे सहा कुटुंबांचं सामान, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून मी आमच्या तिघांचे बूट आठवडाभर ओट्याशेजारच्या हीटरपाशी वाळत घालत होते. त्या हीटरच्या वर मायक्रोवेव्ह, आणि मायक्रोवेव्हवर सासूबाईंनी दत्ताची छोटी तसबीर मांडलेली. चार दिवस बाईंनी एक शब्द काढला नाही. पण गुरुवारी त्यांचा उपास. संध्याकाळी आम्ही सुपरमार्केटला गेलो असताना त्यांनी शिरा केला, नैवेद्य दाखवायचा तर खाली सहा घाणेरडे बूट! मग हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, बूट ओल्या फडक्यानं लखलखीत पुसले आणि बाल्कनीत ओळीनं मांडून ठेवले. पुण्यात दाराबाहेर ठेवतात तसे. आम्ही दमून आलो, कुणाचं लक्षच गेलं नाही. बाहेर उणे चौदा.

बूट दगड झाले होते. प्लास्टिक हलेना, बकलांवर बर्फ, आत पाय जायचं नावच नको. नवरा म्हणाला, "ओव्हनमध्ये ठेवू का, पन्नासवर?" लेक किंचाळली, "नाइन, पप्पा!" म्हणजे नाही. मी घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आई, ह्या काय चपला वाटल्या तुम्हाला? विचारायचं तरी एकदा! इथे जर्मनीत येऊन तुमचं सोवळं कशाला मध्ये?"

सासूबाई पिठाच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. "मला काय ठाऊक गं, बूट गोठतात ते," एवढंच म्हणाल्या. मग पाणी तापवलं, रबरी पिशवी भरली आणि माझ्यापुढे धरली. मी ती हिसकावून घेतली. होय, हिसकावूनच घेतली.

पिशवी एक, बूट सहा. लेकीची शर्यत होती, तेव्हा तिचे आधी. एका बुटात वीस मिनिटं, दुसऱ्यात वीस. बकलांवरचा बर्फ नवऱ्यानं उलथन्यानं काढला. नऊ वाजता तिचा पाय कसाबसा आत गेला. ती बापाबरोबर पळाली, दारातून म्हणाली, "सॉरी, आई," जणू चूक तिची. मी ओट्यापाशी बसून रडले. अडतीस वर्षांची घोडी, बुटांपायी रडत होते.

रडून झाल्यावर काहीतरी करायचं म्हणून ती फाइल ओढली. सातव्या पानावर, चमच्यांच्या यादीच्या खाली, स्पष्ट लिहिलं होतं: स्कीचे बूट रात्री बाल्कनीत ठेवू नयेत, गोठतात. चमच्यांची गंमत सांगून मी पान उलटलं होतं. वाचून दाखवणारी मी, आणि बोलणी खाणाऱ्या त्या. मान वर केली तर सासूबाई तिकडे माझ्या बुटात पिशवी घालत होत्या, ह्या वेळी उघड्या हातांनी. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं आणि "पाणी अजून गरम आहे का?" असं विचारलं. माझं हे असंच आहे, ओरडताना अडत नाही.

शर्यत आम्ही पायथ्यावरून बघितली. लेक अकरावी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली. मेडल घेऊन ती मैत्रिणींकडे निघाली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाही धरून बाजूला घेतलं. ह्या मराठीत बोलणार, ती जर्मनमध्ये उत्तर देणार, असंच त्या दोघींचं चालायचं, आणि दोघींना सगळं कळायचं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

माझे बूट आता पायात होते, पण जाणार कुणाबरोबर? नवरा तळाच्या लहान उतारावर माझ्याबरोबर दोन चकरा मारून कंटाळला. दुपारभर मी तिथेच पिझ्झा करत राहिले. शेजारून चार-चार वर्षांची पोरं सुळकन जात होती. साडेतीन झाले. चारला लिफ्ट बंद होणार, आणि उद्या सकाळी दहाला फ्लॅटची किल्ली द्यायची.

आणि लेक आली. गळ्यात मेडल, तोंडाला केचप. "आई, लेट्स्टे फार्ट. कॉम!" शेवटची फेरी, चल.

डब्यात आम्ही दोघीच. मी विचारलं, पार्टी? ती खांदे उडवून म्हणाली, आज्जीनं सांगितलं, माझ्यामुळे तुझ्या आईचं राहिलं, तू तिला वर ने. मग खिशातून एक गार झालेला फ्राय काढून मला दिला. मी तो खाल्ला.

वर माणसं पांगली होती. उतार खालून दिसतो त्याच्या दुप्पट दिसत होता. लेक माझ्यापुढे मोठी मोठी, आडवी वळणं घेत निघाली. दर वळणाला थांबायची, मागे बघायची आणि ओरडायची, "पिझ्झा, आई, पिझ्झा!" मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा ती माझ्याशेजारी मुद्दाम पडली आणि आम्ही बर्फात लोळत हसलो. खालच्या शेवटच्या सपाटीला ती म्हणाली, आता पॉमेस. मी स्की सरळ सोडली. बारा-पंधरा सेकंद असतील. आम्ही शेजारीशेजारी होतो, आणि मला त्याहून जास्त काही नको होतं.

सासूबाई बाकावरच होत्या. शालीखाली मांडीवर काहीतरी धरून बसलेल्या. मी जवळ गेले तशी त्यांनी शाल बाजूला केली. माझे साधे बूट होते, आणि बुटांच्या पोटात नुकतीच भरून आणलेली गरम पाण्याची पिशवी.

"घाल पटकन. गरम आहेत तोवर."

त्यांच्या मांडीवर माझे बूट! मी पाया पडायला वाकले, पण स्कीच्या बुटांत पोटऱ्या जखडलेल्या, मी अर्ध्यातच अडकले आणि बाकाला धरून लटकले. "आई, चुकलं माझं," तशीच वाकड्यानं म्हणाले. "फाइलमध्ये लिहिलं होतं. मीच नाही वाचून दाखवलं."

"बरं बरं. आधी ती लोढणी काढ." त्यांनी माझ्या पाठीवरचा बर्फ झटकला, मग डोंगराकडे मान वळवली. "कसं दिसतं गं वरून?"

"छान दिसतं. तुम्हीच या ना एकदा."

"मी कशी येणार? मला कुठे त्या पट्ट्यांवरून घसरता येतंय!"

मला क्षणभर कळेना त्या काय म्हणतायत. मग कळलं. "आई, तसं नसतं काही. त्याच डब्यात बसून वर जायचं, त्याच डब्यातून खाली यायचं. नुसती बघायला जाणारी माणसंही असतात."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे. "हो का?" त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले, मला कुणी बोललंच नाही."

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या पहिल्या डब्यात आम्ही तिघी होतो. फ्लॅट नवरा झाडत होता. फलाट संपायला आला तसा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला, छताकडे बघत.

"धरला का गं त्यानं दोर?"

"धरला, आई," मी म्हटलं.