कुल्हडाची कड
ओल्या कुल्हडाचा वास आला की मला अलीगंजच्या घरातली ती संक्रांत आठवते. लखनऊत सुगडं मिळायची नाहीत, म्हणून आम्ही चहाचे मातीचे कुल्हडच पुजायचो. त्या सकाळी ते धुवून ठेवले होते आणि माझी धाकटी जाऊ एकाची कड मोडून कुरुमकुरुम खात होती. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "माती खातेय! डोहाळे लागले गं बाई!" म्हणत त्यांनी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. जाऊ रडायलाच लागली. "ताई, गेल्याच आठवड्यात पाळी येऊन गेली," ती माझ्या कानात म्हणाली, "पण हा वास आला की राहवत नाही, यार." कॉलेजात असताना मीही अशीच पाटीवरच्या पेन्सिली खायचे आणि डॉक्टरांनी पापणी ओढून पाहत लोह कमी असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला खिडकीशी नेऊन मी खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. जिना चढताना ती मध्येच टेकायची, तेही आठवलं. "अहो आई, हे डोहाळे नाहीत, हिच्या अंगात लोह कमी आहे," मी म्हणाले. "तू कधीपासून डॉक्टर झालीस?" सासूबाई फणकारल्या. मी जावेला तशीच स्कूटरवर बसवून रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "अच्छा किया, ले आईं." आता जाऊ गोमती नगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. परवा आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायलो. तिने रिकामा कुल्हड टोपलीत फेकला, जिना धावत चढली आणि वरून मला ओरडली, "ताई, दमलात? पापणी बघू!"