खलनायकाच्या पानावरची भजी

कौसामावशी नसत्या तर मी आज मांजरसुंब्याच्या फाट्यावर दिसलो नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहायला बसलं की माझं लक्ष भलतीकडे जातं आणि उपकाराचं राहून जातं. काय घडलं ते मागून येईलच.

मी भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली, पंक्चर काढायला शिकलो आणि एका ट्रकवाल्याच्या ओळखीनं इथं येऊन टपरी टाकली. इथं मला नावानं कोणी हाक मारत नाही. मी नुसता ‘भंडारा’. शेजारी कौसामावशींचा धाबा. पहिल्याच दिवशी त्यांनी भज्यांची पुडी हातात दिली. कागद पुस्तकाचा होता. खाता खाता मी वाचायला लागलो, तशा त्या कढईपासून ओरडल्या, “वाचू नको रे त्याला! लई हरामी माणूस हाय त्यो. मनून तर तेलात घातलाय.”

रद्दीची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर त्यांच्याकडे जेवायचा आणि जाताना पुस्तकांचं पोतं टाकून जायचा. त्यात अमेरिकेतल्या कादंबऱ्यांची भाषांतरं पुष्कळ. मावशी चौथी शिकलेल्या. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की बाजेवर बसून त्या पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि मग निवाडा करायच्या. ज्यांनी सोसलं त्यांची पानं पत्र्याच्या पेटीत. ज्यांनी छळलं त्यांची भज्यांखाली. “लिहिणारानं सोडलं तर सोडलं, मी कावून सोडू?”

अमेरिकन लेखकांवर त्यांचा रागच होता. “जुन्या पुस्तकात मालक घोड्यावर येतोय, नव्यात मोटारीत येतोय. जमीन दोघंबी घेतेत. अन् शेवटाला काय, तर ज्याची गेली त्यो नदीकडं बघत उभा! नदीकडं बघून काय व्हतंय? ह्यांना मामा, चुलता कोणी न्हाई का बैठक बसवायला?” नव्या कादंबऱ्यांतली नवरा-बायको तर त्यांना मुळीच पटत नसत. “सैपाकघरात उभं राहून पानंच्या पानं बोलतेत, पण चहाचं आधण ठिवत न्हाईत.” एक गोष्ट मात्र त्यांना पसंत होती. तिकडेही मयताच्या घरी शेजारी जेवण घेऊन येतात. “तेवढं आपल्यावानी हाय,” म्हणायच्या.

त्यांच्यामुळे मीही वाचू लागलो, ओळीखाली बोट धरून. मला आवडायचे ते त्यातले पेट्रोल पंप. बहुतेक पुस्तकांत एक असतोच, आणि तिथं हवा भरणारा एक माणूस असतो. लेखक त्याला नाव देत नाही. मावशींना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, “दिऊ की आपण. भंडारा मन त्याला.”

आणि मग ते प्रकरण झालं. एका पुढाऱ्याचा मेहुणा, त्याला सगळे शेठ म्हणतात, गाडीत हवा भरायला आला. माझ्या हातात दुधाच्या टेम्पोचं चाक होतं. मी म्हणालो, “पाच मिनिटं, शेठ.” एवढंच. त्यानं सोबतच्या दोन पोरांना खुणावलं, त्यांनी माझा कॉम्प्रेसर उचलून मागच्या गाडीत घातला. “परमुलखातनं येऊन मला थांब मनतो का बे? जा आता, तोंडानं भर हवा.”

कॉम्प्रेसर गेला म्हणजे टपरी गेली. टपरी गेली की मी परत भंडाऱ्याला. चौकीत जायची छाती नव्हती. मी रबर कापायची सुरी घेतली; रस्त्यापलीकडच्या हॉटेलासमोर त्याची गाडी उभी होती. चारही टायर फाडायचे, पुढचं पुढं. मावशींनी मनगट धरलं.

“टायर फाडशील, अन् पोलीस कुणाला न्हेतील?”

“मला.”

“मग बस गप. भाकर खा.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला ड्रायव्हर मंडळी बसली, तेव्हा मावशींनी जाहीर केलं, नवीन पुस्तक आलंय. टेक्सासात एक परगावचा लोहार. तिथल्या पुढाऱ्याचा मेहुणा घोड्याला नाल मारायला आला, लोहार म्हणाला जरा थांबा, तर त्यानं लोहाराचा भाताच उचलून नेला. “पुस्तकाचं नाव काय मावशी?” एकानं विचारलं. “कव्हर फाटलंय.” सगळे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्या टपरीकडे बघून हसले.

रोज थोडी थोडी गोष्ट पुढं जायची. मेहुण्याला भाता चालवता येत नाही, त्याची बायकोसुद्धा त्याला हसते, असं काय काय. गाड्या बीडला जायच्या, सोलापूरकडे जायच्या, गोष्टही जायची. शेवटी शेठ स्वतः आला आणि चहा मागवून बसला. तेवढ्यात एका ड्रायव्हरनं विचारलंच, “मावशी, त्या भात्याचं पुढं काय झालं?”

शेठ उसळला. “कुणाची गोष्ट सांगायलीस गं म्हातारे?”

“टेक्सासची हाय, शेठ.”

“टेक्सास-बिक्सास समदं कळतंय मला.”

“कळतंय? मंजी भाता तुमीच न्हेलता का काय?”

कोणाला तरी चहाचा ठसका लागला. शेठ कप तसाच ठेवून उठला.

सकाळी कॉम्प्रेसर टपरीसमोर होता, मीटरची काच फुटलेली. मी घाबरट माणूस, म्हणालो, “मावशी, आता पुरे.”

“कावून पुरे? माफी मागायला आलता का त्यो? गड्याहाती धाडलं त्यानं.” आणि त्यांनी गोष्ट चालू ठेवली. आजही शेठची गाडी फाट्यावरून गेली की कोणीतरी ओरडतं, “हवा हाय का, शेठ?” ते ऐकलं की माझ्या पोटात गार वाटतं. असं वाटू नये म्हणतात. मला वाटतं.

मावशींचा धाबा आता नाही. त्यांचे यजमान वारल्यावर दिरानं ‘जागा आमची’ म्हणून कुलूप घातलं. आयुष्यभराची कढई बाहेर काढून ठेवली, पेटीतली पानं चुलीत घातली. मावशी लेकीच्या गावी, कड्याला, निघाल्या. त्यांना एसटीत बसवताना मी विचारलं, “माझी गोष्ट एवढी सांगितली, तुमची का नाही सांगितली?”

“आपली आपण सांगितली की लोकांला रडगाणं वाटतंय, लेकरा. दुसऱ्यानं सांगावी लागती.” गाडी सुटली.

त्यांचा दीर हवा भरायला माझ्याकडेच येतो. अजून तरी मी नुसती हवा भरून देतो. पण मावशी, तुमचं मी फेडणार आहे. एक दिवस टपरीवर चांगली गर्दी असेल, तो रांगेत उभा असेल, आणि मी चाक खोलता खोलता सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू करीन: अमेरिकेत एक बाई होती, तिचा हमरस्त्यावर धाबा होता, आणि तिला एक दीर होता.