कोऱ्या चहाची चूळ

पहाटे आमच्या बेसिनपाशी कुणीतरी चहाने चूळ भरतं. आधी खळखळ, मग जरा शांतता, मग गिळल्याचा आवाज. ती आई असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी अंथरुणात पडल्यापडल्या अंगावर काटा येतो, कारण तो आवाज बाबांचा आहे आणि बाबा आता नाहीत.

बाबा ओझरच्या कारखान्यात होते. पहिल्या पाळीची बस पकडण्याआधी कोरा, बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि शेवटचा घोट दातांतून घुसळून गिळून टाकायचे. मला त्याची शिसारी यायची आणि मी ती लपवायचो नाही. "तोंड काय वाकडं करतोस? बत्तीसच्या बत्तीस घेऊन जाणार मी," म्हणायचे. गेलेही.

आईचा चहा म्हणजे मात्र बासुंदी. तिचे दात एकेक करत पडले आणि प्रत्येक दातामागे बाबांचं व्याख्यान झालं. "साखर सोड" हे त्यांनी संसारभर सांगितलं आणि आईने संसारभर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळ्यांची सभा भरलेली, पण खाली उतरायला एकही तयार नाही. आवडीचं म्हणून काकांनी पिंडाशेजारी टपरीवरचा चहा ठेवला होता. आईने तो पाहिला आणि सगळ्यांदेखत धाकट्या दिराला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना साखरेचा चहा ठेवलात?" काकांनी लगेच टपरीवरून कोरा करून आणला. तरी काही नाही. आईला सांभाळू, घर विकणार नाही, अशी वचनं देऊन झाली. ऊन टाळूवर आलं होतं आणि हात जोडून उभा असलो तरी मी आतून धुमसत होतो. शेवटी आईच पुढे झाली.

"मी साखर सोडली. तुमच्यासारखा कोरा घेईन, चूळ भरून. जा आता."

एक कावळा उतरला, भाताला चोच लावून उडून गेला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तेव्हा माझे जोडलेले हात आपोआप कपाळाला लागले, हे खरं.

आईने वचन पाळलं. रोज काढा घेतल्यासारखं तोंड करायची, पण घ्यायची. मला ते बघवेना. निदान डॉक्टर तरी तिची सुटका करतील म्हणून तिला द्वारका चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "चांगलंच आहे की. साखर नाही म्हणजे किडीला खाऊ नाही. शिवाय चहातले काही घटक तोंडातल्या जंतूंना आवरतात. डाग तेवढे पडतील, आणि ब्रश सोडायचा नाही. पण आजी, गेलेले दात काही परत येत नाहीत हं." बाबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते.

परतताना रिक्षात मी वैतागून म्हणालो, "आई, पुरे झालं आता. घाल चमचाभर साखर. बाबा काही जाब विचारायला परत येणार नाहीत."

ती रस्त्याकडे बघत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मागे एकदा मुद्दाम साखर घालून प्यायले. बेसिनपाशी उभी राहिले, आता तरी रागवायला येतील म्हणून. कुणी आलं नाही. घर इतकं गप्प होतं की माझ्याच छातीत धडधडायला लागलं. मग परत कोरा ठेवला आणि जोरात चूळ भरली. तो आवाज ऐकला, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं."