फाउस्तिनो लुदुएन्याने लिहिलेले सहा

कॅडींच्या शेडची किल्ली एकोणचाळीस वर्षे फाउस्तिनो लुदुएन्याच्या कमरपट्ट्याला अडकवलेली होती. आग्वा मान्साच्या गोल्फ क्लबात कोणाची बॅग कोणी उचलायची हे तोच ठरवत असे. सकाळी सहाला शेड उघडायची, ‘माते’ या आमच्याकडच्या कडू चहाचे पाणी तापत ठेवायचे, त्यात पेपेरिना या डोंगरी पुदिन्याची दोन पाने टाकायची आणि दारात उभे राहून नावे पुकारायची. सभासदसुद्धा त्याच्याशी जरा जपून बोलत. दुखावला तरी फाउस्तिनो तोंडाने काही म्हणत नसे. फक्त पुढच्या रविवारी तो असा कॅडी देई, की अठराही होलवर तो तुम्हाला आपल्या सासूची दुखणी ऐकवत राही.

मी त्या क्लबात स्पर्धेच्या टेबलावर तेहतीस वर्षे बसले. माझे पती ओव्हिदिओ तेव्हा क्लबचे सचिव होते. ते गेल्यावरही मी बसतच राहिले. खेळाडूंची कार्डे घ्यायची, बेरीज तपासायची, निकाल मोठ्या कागदावर शाईने लिहायचा. सिस्टर इल्देफोन्सांनी वळण लावलेले अक्षर, एवढीच माझी पात्रता. रोजनिशी मात्र मी त्यांच्याच शाळेपासून लिहीत आले आहे, म्हणून पुढच्या तारखा आणि बोलणी आठवणीवर सोडलेली नाहीत.

फाउस्तिनो स्वतः खेळाडू होता हे आता गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. सोमवारी क्लब बंद असतो आणि मैदान कॅडींना मोकळे मिळते. अशा सोमवारांवर तो शिकला, आणि बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. तेव्हा आमच्याकडे खेळाडूंच्या संघटनेची एक स्पर्धामाला होती, आणि व्हर्मुथ नावाची वाइन बनवणाऱ्या एका कंपनीने दुसरी काढली होती. फाउस्तिनो दोन उन्हाळे व्हर्मुथवाल्यांकडे खेळला, कारण ते बसचे तिकीट आणि दोन वेळचे जेवण देत. तिसऱ्या वर्षी कंपनीने खेळ गुंडाळला, आणि संघटनेने त्याला दारातूनच परत पाठवले. कॉर्दोबा शहरातल्या एका खुल्या स्पर्धेत तर त्याने सहासष्ट फटक्यांत मैदान पुरे केले, पण बरोबरच्या खेळाडूने त्याच्या कार्डावर सही करायला नकार दिला. गोल्फमध्ये आपली फटक्यांची संख्या आपण सांगून चालत नाही. दुसऱ्याच्या हाताने ती लिहिलेली हवी आणि त्याची सही हवी. सही नाही म्हणजे तो दिवस झालाच नाही.

याबद्दल तो एकदाच माझ्याशी बोलला. "दोन्या एल्विरा, किती मारलेस हे कुणीच विचारलं नाही मला. सगळ्यांनी विचारलं ते हेच, की तू कुणाचा?"

त्यानंतर तो शेडमध्ये आला आणि तिथेच राहिला.

आता उलीसेस पेराल्ताविषयी. हा आमच्या गावातल्या गवंड्याचा मुलगा, तोही सोमवारांवरच वाढलेला. एकोणिसाव्या वर्षी त्याने आमची ‘सिएरा ओपन’ जिंकली आणि मग तो जगभर जुन्या टूरच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या जुन्या मालेच्या, स्पर्धा खेळत हिंडला. आठ वर्षे जिंकणे थोडे आणि विमानतळावर झोपणे फार. नवी टूर निघाली, तिने खेळाडूंना हमीच्या पैशांचे करार द्यायला सुरुवात केली, आणि मार्चमध्ये उलीसेस तिकडे गेला. जुन्या टूरने त्याचे नाव काढून टाकले. गावात बेकरीच्या रांगेत रोज तोच वाद.

"विकला गेला तो."

"तुला कुणी विकत घ्यायला आलंय का आजवर? नाही ना? मग क्रिओशितो पाव घे आणि पुढे सरक."

ऑक्टोबरमध्ये तो सिएरा ओपन खेळायला घरी आला. आमची स्पर्धा जुन्या टूरच्या आश्रयाखाली चालते, पण क्लबच्या घटनेत स्पष्ट लिहिले आहे की माजी विजेत्याला साठ वर्षांचा होईपर्यंत ती खेळता येईल. त्याला अडवता येईना. शुक्रवारी आणि शनिवारी तो क्लबच्या दोन हौशी सभासदांबरोबर खेळला. त्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. शनिवारी संध्याकाळी तो पहिल्यापेक्षा एकाच फटक्याने मागे होता, आणि ते दोघे हौशी बाद झाले होते. त्याच संध्याकाळी जुन्या टूरचे पत्र आले. जो कोणी उलीसेस पेराल्ताबरोबर खेळेल त्याच्या परवान्याचा विचार करावा लागेल, असा त्याचा मजकूर होता.

रविवार, १६ ऑक्टोबर. दक्षिणेचा वारा, सकाळी नऊ अंश. दहा चाळीसला उलीसेसबरोबर ज्या खेळाडूने निघायचे होते त्याची पाठ धरली. त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावले तर त्याचे पोट बिघडले. त्या दिवशी आमच्याकडे मातृदिन असतो, त्यामुळे तिसऱ्याला आईची आठवण झाली आणि तो गाडी काढून घरी गेला. कॅडींनाही तंबी मिळाली होती. पहिल्या होलवर उलीसेस आपली बॅग आपणच खांद्याला लावून एकटा उभा होता.

क्लबचे अध्यक्ष डॉक्टर ओल्मोस घड्याळ बघत आले. ते वकील आहेत, पण आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात.

"उलीसेस, बाळा, मला फार वाईट वाटतं. पण नोंद ठेवणारा नाही तर कार्ड नाही. आणि कार्ड नाही तर खेळून उपयोग काय? मी नियम केलेले नाहीत."

"मी ठेवतो नोंद," शेडच्या बाजूने आवाज आला.

फाउस्तिनो चालत आला. बरोबर शेडमधली पेन्सिल, कानामागे. चामडी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

"तुम्ही?" ओल्मोस हसले. "डॉन फाउस्तिनो, तुम्ही या स्पर्धेत खेळत नाही."

"नोंद ठेवणारा खेळलाच पाहिजे असं नाही. समितीने नेमलेला कुणीही चालतो. दोन्या एल्विरा, खरं की नाही?"

मी नियमांचे पुस्तक उघडून पान त्यांच्यासमोर धरले.

"समितीने नेमलेला, असं लिहिलंय," ओल्मोस म्हणाले. "समिती तुम्हाला नेमत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला नेमा. मी थांबतो." फाउस्तिनोने आजूबाजूला पाहिले. तोवर शे-दीडशे माणसे जमली होती, काही आपल्या आयांना घेऊन आली होती. "पण कुणालाच नेमलं नाहीत, तर ही सगळी मंडळी दुपारी जेवताना तुमचंच नाव काढतील. आयांसमोर."

लोक हसले. ओल्मोस हसले नाहीत. ते जवळ येऊन हळू बोलले, पण माझे टेबल तीन पावलांवर होते.

"शेडची किल्ली क्लबची आहे. लक्षात आहे ना?"

"एकोणचाळीस वर्षं मांडीला टोचतेय, विसरेन कसा?"

"ठीक, नेमतो. पण त्या कार्डावर सही केलीत तर उद्या ती माझ्या टेबलावर पाहिजे."

"उद्या सोमवार," फाउस्तिनो म्हणाला. "क्लब बंद असतो. मंगळवारी आणून देतो." आणि उलीसेसकडे वळून म्हणाला, "चल पोरा. वारा वाढतोय."

एकाहत्तर वर्षांचा माणूस अठरा होल चालला. नवव्या होलनंतर त्यांच्यामागे एवढी गर्दी झाली की पहिल्या क्रमांकावरच्या खेळाडूमागे त्याचे फक्त सासू-सासरे उरले. उलीसेस सुरेख खेळत होता. अठराव्या होलवर टाळ्या झाल्या त्या मी कार्डे घ्यायच्या माझ्या तंबूत बसून ऐकल्या. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आधीच आत आला होता. लोकांच्या हिशोबाने दोघांची बरोबरी होती आणि आता निर्णायक होल खेळावे लागणार होते.

दोघे तंबूत आले. उलीसेसने कार्डावरून बोट फिरवले आणि ते चौदाव्या होलवर थांबले.

"डॉन फाउस्ती, इथे चुकलंय. मी पाच मारले."

"सहा."

"पाच. झुडपातून एक, मग हिरवळीवर, मग..."

"झुडपात दोन. चेंडू मोशेच्या झाडाच्या बुंध्याला चिकटला होता. काठी उलटी धरलीस, डावऱ्यासारखा मारायला गेलास. पहिला फटका गवतातून नुसताच गेला. चेंडू तिथेच राहिला."

"तो सराव होता!"

चुकलेला फटका हाही फटकाच, सराव मात्र मोजत नाहीत. फरक फक्त मारणाऱ्याच्या मनात असतो. त्या उतारावर त्या वेळी या दोघांखेरीज कोणी नव्हते.

"सराव नव्हता," फाउस्तिनो म्हणाला.

"माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळणार?"

"मनातलं नाही कळत. जीभ दिसते. खरा फटका मारताना तू जिभेचं टोक दातात धरतोस. लहानपणापासून. सराव करताना कधीच नाही. त्या फटक्याला धरली होतीस."

उलीसेसचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

डॉक्टर ओल्मोस तंबूच्या दाराशी उभे होते ते आत आले. इतका प्रसन्न चेहरा त्यांचा मी सकाळपासून पाहिला नव्हता.

"मतभेद आहे का? मग प्रकरण समितीकडे. डॉन फाउस्तिनो, तुम्ही तुमच्या म्हणण्यावर ठाम राहा. एवढ्या अनुभवी माणसाच्या शब्दावर समिती विश्वास ठेवील. खेळाडू चुकीची संख्या सांगतो म्हणजे तो बाद, संपला विषय." त्यांनी फाउस्तिनोच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि सकाळचं ते किल्लीचं... रागात बोललो. मनावर घेऊ नका."

फाउस्तिनोने तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. झटकला नाही, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा केला.

"डॉक्टर, मी सहा लिहिले म्हणून तुमचा झालो नाही."

"अहो, मी फक्त..."

"कार्ड अजून या बाईंच्या हातात दिलेलं नाही. तोवर ते माझं आणि याचं आहे. तुम्ही बाहेर उभे राहा. इथे उजेड अडतोय."

ओल्मोस हलले नाहीत.

उलीसेस म्हाताऱ्याकडे बघत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, वाऱ्याने की कशाने मला माहीत नाही.

"सगळे माझ्यावर उलटले, तुम्ही एकटे आलात. आणि आता हे? मग आलातच कशाला?"

"कार्ड लिहायला."

"एक फटका, डॉन फाउस्ती! एकच! कुणी पाहिला नाही. बरोबरी झाली तर तो पहिल्या नंबरचा माझ्याबरोबर खेळायला येणार नाही, परवान्याला घाबरून. मी जिंकतो! ह्यांच्या अंगणात, ह्यांच्या नाकावर टिच्चून! तुम्हाला नकोय ते?"

"मला फार हवंय," फाउस्तिनो म्हणाला. "पण पाच लिहिले, तर उद्या हे म्हणतील की तिकडे गेलेले असेच असतात. आणि त्यांचं खरं असेल. मग मी आज चाललो कशाला, पाय मोकळे करायला? सहा राहू दे आणि ताठ मानेने दुसरा ये. ह्यांना तुझं नाव त्या कागदावर लिहू दे. पुसता येणार नाही असं."

उलीसेसने कार्ड आपल्याकडे ओढले. मग एकदम हसला, जरा रडवेलाच.

"अजून चावतो मी जीभ?"

"अजून. परदेशात कुणी सांगितलं नाही?"

"तिकडे चेहऱ्याकडे कोण बघतं?"

त्याने सही केली. फाउस्तिनोने खाली आपली केली, पूर्ण नाव, आडनावासकट. कार्ड माझ्याकडे आले. मी बेरीज तीनदा तपासली आणि मोठ्या कागदावर दुसऱ्या क्रमांकापुढे शाईने लिहिले: उलीसेस पेराल्ता, आग्वा मान्सा. कोणत्या टूरचा हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

मंगळवारी सकाळी किल्ली ओल्मोसांच्या टेबलावर होती. शेडच्या दारावर टाइप केलेली नोटीस लागली, ‘शिस्तभंगामुळे’. फाउस्तिनोने घरून घडीची खुर्ची आणली आणि कुंपणाबाहेर रस्त्यालगत मांडली. ती जागा नगरपालिकेची आहे. शेडमध्ये नवा माणूस यादी घेऊन बसला. कॅडी मात्र येताना आधी रस्त्यावर थांबत, कोणाची बॅग घ्यायची ते खुर्चीला विचारत आणि मग आत जात. नव्या माणसाने आठवडाभर आरडाओरड केली, मग तोही त्याच वेळी बाहेर येऊन मातेचा पेला पुढे करू लागला.

पुढच्या वर्षी जुन्या आणि नव्या टूरच्या मोठ्या माणसांनी हात मिळवले. पेपरात फोटो आला. बंदी घातलेल्या खेळाडूंना परत घेण्याची बोलणी सुरू झाली. त्या शुक्रवारी मी फाउस्तिनोला मोसंबीचा मुरंबा द्यायला गेले होते, तेव्हा डॉक्टर ओल्मोस गाडीतून उतरले. हातात पाकीट होते.

"सगळं मिटलं, डॉन फाउस्तिनो. आता कसला वाद? ही तुमची किल्ली."

"त्यांचं मिटलं," फाउस्तिनो म्हणाला. "माझं कुणी मिटवलं?"

"म्हणजे काय हवंय तुम्हाला?"

"दारावर नोटीस लावली होतीत. तिच्या शेजारी दुसरी लावा. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. लुदुएन्याने कार्ड बरोबर लिहिलं होतं, एवढंच."

"अहो, त्याला समितीची बैठक घ्यावी लागेल. वेळ जाईल."

"मला घाई नाही. बसायला खुर्ची आहे."

ओल्मोस पाकीट हातात धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मुरंब्याच्या बाटलीचे झाकण घट्ट करत होते.

"मग ही किल्ली मी तोवर कुठे ठेवू?"

"खिशात ठेवा," फाउस्तिनो म्हणाला. "जरा टोचेल. सवय होते."