जादा शिपायांचे सोंग

बोहाड्यातली मारामारी जादा शिपाई धाडल्यामुळे थांबली, असे जव्हारचे एक निवृत्त कारकून अजूनही छातीठोकपणे सांगतात. त्यांचे मेहुणे सांगतात की शिपायांनी तिथे काडीचेही काम केले नाही. दोघांपैकी एकही त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो, शिपायांच्याच रांगेत होतो. म्हणून दोघांनाही खोटे ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

गाव मोखाड्याच्या वाटेवरचे, जव्हार संस्थानाच्या हद्दीतले अगदी शेवटचे. तिथल्या बोहाड्यात लाकडी मुखवटे चढवून देवांची आणि दैत्यांची सोंगे एकेक करून नाचत येत, आणि अखेरच्या सकाळी देवी महिषासुराला मारी. देवीचे सोंग वरच्या पाड्याकडे, महिषासुराचे खालच्या पाड्याकडे. सारा घोटाळा इथेच होता. वरच्या पाड्याच्या हातून मरण्यास खालच्या पाड्याचा महिषासुर तयार नसे. देवी तलवार उगारून उभी राही आणि दैत्य मुखवट्यातून विचारी, "आधी सांग, आमचा बांध कोणी सरकवला? मंग मरतो." त्यानंतर काठ्या निघत.

एके वर्षी दरबारातून ताकीद आली: यंदा डोकी फुटली तर बोहाडा कायमचा बंद. बंदोबस्ताला नेहमीच्या एका शिपायाऐवजी आम्हा दहाबारा जणांना आणि वर एका हवालदाराला धाडण्यात आले. गावचा पाटील पार सुकून गेला होता. वाडवडिलांपासून चालत आलेला बोहाडा आपल्या हयातीत बुडणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हते.

हवालदारांनी आम्हाला लाल पगड्यांनिशी दोन रांगांत उभे केले आणि पावले जुळवीत आम्ही मांडवात शिरलो. संबळवाल्याने एकसारखे पोशाख पाहिले, पुढच्या माणसाच्या पीळदार मिशा पाहिल्या, आणि यंदा नवे सोंग आले असे समजून वाजवायला सुरुवात केली. तिथली रीत अशी की ज्याच्यासाठी वाजवले जाते त्याने नाचायचे, आणि सोंग नाचत असताना कोणी काठी उचलायची नाही.

"बंद कर! आम्ही सरकारी माणसे आहोत!" हवालदार गरजले.

"मघाशी रावणबी असाच वरडत व्हता," संबळवाला म्हणाला. "नाचा."

पाटील धावत आला. "हवालदारसाहेब, पाया पडतो, नाचा. तुम्ही थांबला का काठ्या निघाल्या, आन् माझा बोहाडा गेला!"

हवालदार नाचले. आम्हीही नाचलो. मी वाईट नाचलो असे जे म्हणतात, त्यांनी माझ्यासमोर नाचून दाखवावे. ते पाहून महिषासुराला असे हसू लोटले की तो पोट धरून मटकन खाली बसला. देवीने संधी साधून त्याच्या मानेवर तलवार टेकवली. "मेला! मेला!" पाटील ओरडला. हरकत घेण्याइतका श्वास दैत्यापाशी उरला नव्हता. एकही डोके फुटले नाही.

बंदोबस्त यशस्वी झाला म्हणून दरबाराने पुढल्या वर्षी तो काढून घेतला. पुन्हा नेहमीचा एकच शिपाई गेला, तो मी. पण गावाला शिपायांचे सोंग हवे होते. त्यातल्या हवालदाराचे सोंग कोणत्या पाड्याकडे, यावरून मांडवाच्या तोंडाशीच दोन्ही पाडे काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहिले. देवीसाठीसुद्धा इतक्या काठ्या कधी निघाल्या नव्हत्या. माझ्या दरडावण्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. तेव्हा पाटलाने जे केले ते कारकुनांच्या डोक्यात सात जन्मांत आले नसते. त्याने हुकूम सोडला, "सगळेच हवालदार! बांधा पगड्या!" आणि संबळवाल्याला खूण केली.

लाल फडकी डोक्याला गुंडाळून दोन्ही पाडे त्याच काठ्या खांद्यावर टाकून नाचत आत निघाले. मारायला समोर कोणी उरलेच नाही. बोहाडा वाचला. जादा शिपाई नेमून दंगा थांबतो, हे मी मान्य करतो. फक्त नेमणूक पुरेशी झाली पाहिजे.

मीही रुबाबात मागून आत निघालो, तर दारातल्या एका म्हातारीने मला हात आडवा घातला.

"तू बाजूला ऱ्हा, बाबा," ती म्हणाली. "तुझी पगडी काय शिपायासारखी दिसत नाय."